दर दिवाळीला ओरडणारं ग्राफिक्स कार्ड

“काय गो बाय, तुझ्या त्या मशिनीचो आवाज गिरणीसारखो येता. माका रात्री झोप येणा नाय.”

शेजारच्या काकी हे पहिल्यांदा म्हणाल्या २०२३ च्या दिवाळीत. दुसऱ्यांदा २०२४ च्या दिवाळीत, तेही फराळाचं ताट हातात देताना. २०२५ ला काही बोलल्या नाहीत. मधल्या काळात मी काय काय उलटसुलट केलं, पैसे कुठे घालवले आणि दुखणं शेवटी कुठे निघालं, ते लिहून ठेवते. मालवण, वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी, कुठेही समुद्राजवळ कोणी कॉम्प्युटरमध्ये तगडं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं तयार करणारा भाग, चालवत असेल तर त्याला उपयोगी पडेल. पुण्यातल्या माणसाने अर्धं वाचलं तरी चालेल.

माझं काम होमस्टे आणि बंगल्यांची थ्रीडी चित्रं काढायचं. तारकर्लीच्या बाजूला नवीन खोल्या बांधायच्या म्हटलं की मालकाला आधी चित्र हवं असतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकेक चित्र अर्धा-पाऊण तास शिजतं (याला रेंडर म्हणतात), आणि वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ असेल तर रात्रभर. कार्ड एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०८०, १० जीबीचं, तीन पंख्यांचं, कोल्हापुरातून डिसेंबर २०२२ मध्ये जुनं घेतलेलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर नाणी कमवायची ‘खाणकामाची’ पद्धत बंद केली आणि खाणीत राबलेली कार्डं बाजारात आली, त्यातलंच एक. विकणारा म्हणाला, “ताई, फक्त गेमिंगला वापरलंय.” सगळेच असं म्हणतात.

लक्षण असं. रेंडर लावलं की पाच मिनिटांत पंखे मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर जातात, तापमान ८१-८२ अंशांना टेकतं, आणि काम थोडं मंदावतं. ब्लोअरने धूळ उडवली की आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच. माझ्या समजुतीप्रमाणे हे दरवर्षी पाऊस संपला की सुरू व्हायचं. ती समजूतच चुकीची होती.

पहिली दिवाळी वाया गेली

२०२३ मध्ये वॉरंटीचे काही महिने शिल्लक होते, म्हणून कार्ड सर्व्हिस सेंटरला पाठवलं. मूळ खोका नव्हता. आईने आंब्याची रिकामी पेटी काढली, त्यात भाताचा पेंढा भरला आणि म्हणाली, हापूस मुंबईपर्यंत नीट जातो तर हे का नाही जाणार? मी आधी चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घातलं, वर बबल रॅप, मग पेंढा. खाजगी बसच्या पार्सलने गेलं, पाच आठवड्यांनी परत आलं. सोबत एका ओळीचा कागद: दोष आढळला नाही.

खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. एसी खोलीत, उघड्या टेबलावर, दहा मिनिटं चाचणी लावली तर त्या कार्डात दोष दिसलाच नसता. तोवर डिसेंबर उजाडला होता. आमच्याकडेही हवा थोडी उतरली होती, त्यामुळे घरी आल्यावर कार्ड खरंच बरं वागलं. मी म्हटलं, चला, प्रवासाने सुधारलं.

वही

जानेवारी २०२४ मध्ये भाचा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, “आत्या, तू नुसतं तापमान बघतेस. खोली किती तापलीय ते बघतच नाहीस.” पोरगं अकरावीत, पण मुद्दा बिनतोड. त्याने भिंतीवर दोनशे-अडीचशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ टांगलं आणि एक वही केली. दर महिन्याला तोच सीन, तीच पंधरा मिनिटं, पंख्यांचा वेग हाताने ७० टक्क्यांवर बांधून ठेवायचा, आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून आकडे उतरवायचे.

पंख्याचा वेग बांधणं महत्त्वाचं आहे, ते सोडू नका. वेग मोकळा ठेवला तर कार्ड आपलं दुखणं पंख्याआड लपवतं. आतून बिघडत जातं, पंखा वाढवत राहतं, आणि तापमान जिथल्या तिथे दिसतं.

जानेवारीत खोली २६ अंश, चिप ६८, हॉटस्पॉट ८०, मेमरी ९२. जुलैत खोली २७, चिप ७३, हॉटस्पॉट ९१, मेमरी ९८. ऑक्टोबरात खोली ३२, चिप ८१, हॉटस्पॉट १०६, मेमरी १०६.

आता नुसते आकडे बघू नका, वजाबाक्या करा. चिपमधून खोली वजा केली तर जानेवारीत ४२, जुलैत ४६, ऑक्टोबरात ४९. हॉटस्पॉटमधून चिप वजा केली तर १२, मग १८, मग २५. ही दुसरी वजाबाकी बोलकी आहे. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या अनेक सेन्सरपैकी सर्वात तापलेली जागा. चिप आणि कूलर (तिची उष्णता ओढणारा पत्र्यांचा धातूचा ठोकळा) यांच्यात उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट पसरलेली असेल तर हा फरक साधारण १० ते १५ अंशांत राहतो. तो २० च्या पुढे सरकत चालला म्हणजे चिपच्या काही भागावरून पेस्ट सरकली आहे. धुळीने हा फरक असा वाढत नाही. धुळीने सगळेच आकडे एकत्र वर जातात.

म्हणजे बिघाड पाऊस संपल्यावर सुरू होत नव्हता. तो पावसातच वाढत होता. मला कळत नव्हता, त्याला दोन कारणं. एक म्हणजे पावसात खोली थंड, त्यामुळे चिपचा आकडा ७३ च दिसायचा आणि ७३ बघून कोण घाबरतं? दुसरं कारण मला भाच्यानेही सांगितलं नव्हतं, एका रात्री जेवताना आपोआप सुचलं. आमचं घर चिऱ्याचं, वर कौलं, मागच्या पडवीला पत्रा. आषाढ-श्रावणात त्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे पंखा काय ऐकू येणार! पाऊस थांबतो, रात्री शांत होतात, खिडक्या उघडतात, आणि मग काकींना गिरणी ऐकू येते. कार्ड जुलैपासून ओरडतच होतं.

धूळ आणि मीठ

ब्लोअरने आठ-दहा दिवसच का बरं वाटायचं, त्याचंही उत्तर इथल्या हवेत आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते हे घरातल्या कोणालाही माहीत आहे. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओलं होतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर हे मीठ कूलरच्या पत्र्यांवर बसतं, वर चिऱ्याची तांबडी माती बसते, पावसात दोघांचा चिखल होतो आणि ऑक्टोबरात उन्हाने तो वाळून खडखडीत. ब्लोअर वरवरची धूळ उडवतो, हा थर तसाच राहतो.

माझ्या कार्डाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर कडेला पांढरी भुकटी आली होती. ती धूळ नव्हे, तो ॲल्युमिनियमचा गंज. जिथे तांब्याच्या नळ्या पत्र्यांना भेटतात तिथे जास्त, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच. निकेलचा मुलामा शाबूत असेल तोवर फार काळजी नाही. तो तारेच्या ब्रशने खरवडू नका. मी खरवडला होता.

भाच्याने आणखी एक प्रताप केला: कॉम्प्युटरची केस, म्हणजे बाहेरची पेटी, पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणली. त्या टाकीत पाणी आणि तेल दोन्ही असतं. शिवाय हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. हवा मारायचीच तर पंखा बोटाने धरून.

आता मी टेबल समुद्राकडच्या खिडकीतून उचलून माजघरात आणलं आहे. देखावा गेला. पण वर्षाला बसणारा थर निम्म्याहून कमी झाला, आणि मी जे काही केलं त्यात हे एकच फुकट होतं. केसची बाजू उघडी ठेवण्याचा प्रयोगही करून झाला. पाच अंश कमी झाले आणि दोन आठवड्यांनी पॉवर सप्लायच्या शेजारी पालीची दोन अंडी सापडली.

उघडायचं कसं, आणि मी कुठे फसले

२०२४ च्या दिवाळीनंतर वॉरंटी संपली होती, म्हणून कार्ड उघडलं. तुमची शिल्लक असेल आणि स्क्रूवर स्टिकर असेल, तर उघडण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा. फोनवरच्या “चालतं हो, ताई” ला काही अर्थ नाही.

जुनी पेस्ट चिपच्या मधोमध जवळजवळ नव्हतीच, कडेला ढकलली गेली होती. याला पंप आउट म्हणतात. चिप तापली की किंचित फुगते, थंड झाली की आक्रसते, आणि प्रत्येक वेळी पेस्ट थोडी थोडी बाहेर सरकते. आमच्याकडे पावसात वीज दिवसातून चार-चार वेळा जाते. प्रत्येक वेळी कार्ड ७५ वरून खोलीच्या तापमानाला, पुन्हा ७५ ला. असे हेलकावे याला शहरातल्या कार्डापेक्षा जास्त बसतात.

मी नवी पेस्ट लावली. फरक २५ वरून ११ वर आला आणि मी खूश. चार महिन्यांनी पुन्हा १९. प्रोसेसरसाठी चांगली असलेली पातळ पेस्ट ग्राफिक्स कार्डाच्या उघड्या, वर धातूचं झाकण नसलेल्या चिपवर टिकत नाही, हा धडा तिथे मिळाला.

त्याच वेळी दुसरी चूक केली होती, मेमरीच्या पॅडची. ३०८० मध्ये जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी आहे आणि ती चिपपेक्षा जास्त तापते. ११० अंशाला पोचली की कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. तिच्यावर उष्णता कूलरपर्यंत नेणारे मऊ थर्मल पॅड असतात. माझे जुने पॅड तेल सोडून कोरडे झाले होते. मी नवे घेताना विचार केला, जाड घेतले तर दाब चांगला बसेल. चुकीचा विचार. पॅड अर्धा मिलिमीटर जरी जाड झाले तरी कूलर त्यांच्यावरच टेकतो आणि चिपवर नीट बसत नाही. मेमरी ८८ वर आली, पण हॉटस्पॉट दोन मिनिटांत १०७! पुन्हा सगळं उघडलं. जाडी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, एकाच कार्डात दोन-तीन जाड्याही असतात. जुने पॅड फेकू नका. न दबलेला कोपरा व्हर्नियर कॅलिपरने मोजा. माझ्याकडे कॅलिपर नव्हता, सोनाराकडे जाऊन मोजून आणलं. तो आधी म्हणाला, “ह्या सोन्याचा नाय दिसणा.”

मार्च २०२५ मध्ये तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा पेस्ट लावलीच नाही. त्याऐवजी हनीवेलची पीटीएम ७९५० नावाची पातळ फिल्म लावली. ती साधारण ४५ अंशाला मऊ होऊन चिपच्या खाचाखोचांत बसते आणि थंड झाली की पुन्हा घट्ट होते, त्यामुळे पेस्टसारखी सरकत जात नाही. लावण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वरचं प्लॅस्टिक काढताना फाटते. पहिल्या दोन-चार तापण्या-थंड होण्यात फरक हळूहळू सुधारतो, लगेच निराश होऊ नका. नकली फिल्मही खूप विकली जाते. फार स्वस्त दिसली की मी लांब राहते.

कूलर वेगळा झालाच आहे तर तो धुऊन घ्या. पंखे आणि वायरी काढून, सगळे पॅड काढून, नुसता धातूचा भाग नळाखाली, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. मग एक पूर्ण दिवस कडक उन्हात. हे मे महिन्यात करा; जुलैत वाळणार नाही. बोर्डाला मात्र पाणी लावायचं नाही, तिथे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लहान ब्रश. त्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावा, आमच्या हवेत तेही पाणी ओढतं.

एवढं करून हॉटस्पॉट आणि चिप यांच्यातला फरक ११ झाला आणि आजवर १३ च्या वर गेलेला नाही. जुलैतही नाही.

वॅट कमी करा

हे मी सर्वात शेवटी केलं. खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण यात ना स्क्रूड्रायव्हर लागतो ना पैसा.

३०८० कारखान्यातून ३२० वॅट खायच्या बोलीवर येतं. त्यातले शेवटचे ७०-८० वॅट शर्यतीत पहिलं येण्यासाठी जळतात, तुमच्या कामासाठी नव्हे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिटची पट्टी ७५ टक्क्यांवर ओढा आणि बरोबरचं चिन्ह दाबा. एवढंच करून थांबलात तरी काकी खूश होतील.

त्याहून नीट उपाय म्हणजे अंडरव्होल्ट, म्हणजे जवळपास त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख उघडतो. आधी संपूर्ण आलेख बराच खाली ओढायचा, मग ८५० मिलिव्होल्टचा ठिपका १,८०० मेगाहर्ट्झवर न्यायचा आणि लागू करायचं. पुढची रेघ सपाट होते, म्हणजे कार्ड त्याच्यावर जातच नाही. नंतर तुमचा सगळ्यात जड सीन तासभर चालवा. मध्येच बंद पडलं तर व्होल्टेज एक-दोन पायऱ्या वर. प्रत्येक चिप वेगळी, माझे आकडे तुम्हाला तसेच लागू पडतील असं नाही.

माझ्याकडे ३२० चे २४० वॅट झाले. चाळीस मिनिटांचं चित्र आता बेचाळीस मिनिटं घेतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये खोली ३२ असताना, पंखे फक्त ५० टक्क्यांवर ठेवून, चिप ६६, हॉटस्पॉट ७७, मेमरी ८६. दिवसाला आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १६ युनिट वाचतात, युनिटला १० रुपये धरले तरी १६० रुपये. रक्कम लहान आहे. पण ते ८० वॅट माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत पडत नाहीत, हा मोठा फायदा. कूलर कितीही महागडा असो, तो उष्णता नाहीशी करत नाही. चिपवरून उचलून तुमच्या अंगावर टाकतो.

आता यातली मेख. जून २०२५ मध्ये एके दिवशी पंखे पुन्हा ओरडायला लागले आणि माझ्या पोटात गोळा आला. झालं होतं एवढंच, की वीज गेली, आली, मशीन चालू झालं, पण आफ्टरबर्नर चालू झाला नाही. कार्ड परत ३२० वॅटवर. सेटिंग प्रोफाइलमध्ये जतन करा, विंडोज सुरू होताना लागू होईल असं करा, आणि वीज येऊन गेली की एकदा वॅटचा आकडा बघा. दुखणं परत आलं असं वाटलं तर आधी हे तपासा, मग स्क्रूड्रायव्हर शोधा.

आवाज कोणाचा?

आवाज म्हणजे ग्राफिक्स कार्डच, असं गृहीत धरू नका. कॅलेंडरचा कागद गुंडाळून नळी करा, एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ. माझ्याकडे संध्याकाळी सात ते दहा या वेळात वेगळाच घुमारा यायचा. तो पॉवर सप्लायचा पंखा होता. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. चांगला पॉवर सप्लाय तेवढ्यावरही चालतो, पण तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो, जास्त तापतो आणि पंखा वाढवतो. कार्ड बिचारं निर्दोष. घरातला साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर लागला तर गुणगुण आणखी वाढते. या मशीनला शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लावा. आणि अर्थिंग बघून घ्या. कातळावरच्या घरात जांभ्यात ठोकलेला रॉड उन्हाळ्यात नावापुरताच असतो.

पंख्याच्या आवाजाचं गणित ढोबळमानाने असं की वेग २,८०० वरून १,७०० वर आला तर आवाज १० डेसिबलच्या आसपास उतरतो, आणि १० डेसिबल म्हणजे कानाला निम्मा. म्हणून शेवटचे चार अंश गार करण्यासाठी पंखा पळवणं मला पटत नाही. ७० अंशाला चिपला काही होत नाही.

थोडं तापलं की पंखे सुरू, गार झालं की बंद, पुन्हा सुरू, असा खेळ चालला असेल तर आफ्टरबर्नरमध्ये हिस्टेरिसिस, म्हणजे पंखा सुरू होण्याच्या आणि उतरण्याच्या तापमानातलं अंतर, पाच-सहा अंश ठेवा, किंवा मी केलंय तसं पंखे पूर्ण थांबूच देऊ नका. ३० टक्क्यांवर फिरत राहतात, ऐकूही येत नाहीत. खडखड असेल तर ते बेअरिंग, सुटा पंखा बदलता येतो. बारीक किर्रर्र असेल आणि पंखा क्षणभर थांबवल्यावरही येत राहिलं तर ते कॉइल व्हाइन. बोर्डावरची कॉइल विजेच्या थरथरीने गाते. गेमच्या मेनूत फ्रेम (सेकंदाला काढली जाणारी चित्रं) हजारावर गेल्या की हमखास. फ्रेमला मर्यादा घाला. पेस्ट, पॅड, साफसफाई, कशानेही ते जात नाही.

सकाळचा घाम

एसीवाल्यांसाठी एक. मे-जूनमध्ये बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू २६ च्या जरा खाली येतो. तुम्ही रात्रभर एसी २२ वर ठेवला, मशीन बंद, सकाळी एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या, की ती हवा २२ अंशाच्या धातूवर येऊन पाणी सोडते. फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखं. आणि लगेच तुम्ही बटण दाबता. एसी २६ वर ठेवा, किंवा खिडकी उघडल्यावर तासभर थांबा. रात्रभर रेंडर चालू असेल तर हा प्रश्न येत नाही, कार्ड गरमच असतं.

मग नवीनच का घेऊ नये?

हे मला प्रत्येकजण विचारतो. किंमत कशी बनते ते आधी बघा. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५९९ डॉलरला आलं. तेव्हा डॉलर ८२ च्या आसपास, म्हणजे १,३१,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, झाले १,५४,७००. भारतातली जाहीर किंमत १,५५,००० होती. दरवेळी इतकं चोख जुळत नाही. २०२५ च्या जानेवारीत आरटीएक्स ५०९० आलं, १,९९९ डॉलरचं, इथे जाहीर किंमत २,१४,०००, आणि दुकानात त्या भावात हाती लागणं कठीण. आमच्यासारख्यांना त्यात फोंडाघाट उतरून येणारं पार्सल आणि बिघडलं तर परत जाण्यातले आठवडेही मोजावे लागतात.

पण मला किमतीपेक्षा वॅट खटकतात. ४०९० चे ४५०, ५०९० चे ५७५. ५०९० ला वीज देणाऱ्या एकाच केबलमधून तेवढी वीज जाते, सहा पिनांवर प्रत्येकी ८ अँपिअरच्या आसपास, आणि पिनेची मर्यादा साडेनऊची. कनेक्टर नीट बसला नाही तर वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. पुढे त्यात सुधारणा करून नवा प्रकार आणला. हा कनेक्टर तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. खाऱ्या हवेत साफसफाईसाठी दर दोन महिन्यांनी कार्ड काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आणि ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा एनव्हीडियाने दाखवणंच बंद केलं आहे, म्हणजे माझी वहीतली सगळ्यात कामाची वजाबाकी तिथे करता येत नाही. मला हे अजिबात आवडलेलं नाही.

मला उद्या बदलायचं झालं तर मी वरच्या पायरीवर जाणार नाही. २०२३ मध्ये आलेलं साधं ४०७० जवळपास ३०८० इतकंच काम २०० वॅटमध्ये करतं आणि मेमरीही १२ जीबी देतं. तीच चिप, मोठा कूलर आणि रंगीत दिवे यांचे जास्तीचे पैसे मी देणार नाही. २०० वॅटला साधा कूलरही पुरतो.

जुनं घ्यायला कोल्हापूरला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर पेनड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फो घेऊन जा. पंखे ७० टक्क्यांवर बांधा, पंधरा मिनिटं कार्ड पूर्ण ताकदीने चालवायला सांगा आणि हॉटस्पॉटमधून चिप वजा करा. २० च्या वर निघाला तर कार्ड वाईट नाही, पण दोन-तीन हजार कमी करून मागा, कारण फिल्म, पॅड आणि एक रविवार तुमचा जाणार आहे. मेमरी १०४ च्या पुढे गेली तर तेही बोलून दाखवा. आणि पंधरा मिनिटं चालवून द्यायला विकणारा तयारच नसेल तर चहा प्या आणि परतीची एसटी धरा.